मुंगीचं सोंग

त्या दिवशी सासूबाईंनी घरमालकिणीच्या अंगणात पाण्यासाठी ओंजळ धरली. मालकिणीने तांब्यातून पाणी ओतलं. सासूबाई प्यायल्या, पदराने तोंड पुसलं आणि आत गेल्या. मी दारात उभी होते.

हे लातूरला घडलं. जिल्हा होऊन थोडीच वर्षं झाली होती आणि पाऊस लागोपाठ दगा देत होता. आज लिहायला बसले त्याला कारण मात्र शोकसभा. माझे पती गेल्या हिवाळ्यात गेले. मी त्यांना 'हे' म्हणत आले आणि इथेही तसंच म्हणणार आहे. कॉलेजने सभा ठेवली. ह्यांचे एक जुने सहकारी काठी टेकत मंचावर चढले आणि म्हणाले, "सरांना लातुरात पहिली खोली मीच मिळवून दिली. आमच्यात जात कधी आडवी आली नाही." शोकसभेत टाळ्या वाजवायच्या की नाही हे लोकांना नक्की ठाऊक नसतं, म्हणून काहींनी अर्ध्याच वाजवल्या. मी पहिल्या रांगेत हात मांडीवर ठेवून बसले होते. खोली त्यांनीच मिळवून दिली हे खरं आहे. जात आडवी आली नाही हेही खरं आहे. तिला दाराबाहेर बसवून ठेवलं होतं, येणार कुठून?

हे हदगावकडचे, मी कंधार तालुक्यातली. दोन्ही घरं छप्पन साली बौद्ध झालेली. लग्नानंतर आम्ही नांदेडला आपल्याच लोकांच्या गल्लीत एका खोलीत राहत होतो. हे कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे, तेही तात्पुरते. दर जूनमध्ये त्यांना नोकरी लागायची आणि दर एप्रिलमध्ये ती संपायची. मी बी.ए. झाले होते. वाचायची सवय होती आणि बोलायची नव्हती. ह्यांना दोन्ही गोष्टी सोयीच्या होत्या.

लग्नाच्या नव्या दिवसांत एकदा ह्यांनी मला दाराशी बोलावलं. मला वाटलं, काही गोड बोलतील.

"चौकटीवर बघ. ती शेवटची मुंगी. पाय मोज तिचे."

मी मोजले. "आठ."

"मुंगीला किती असतात?"

"सहा. मला शिकवणीला बसवायला लग्न केलंत का?"

"मग ही कोण?"

तो कोळी होता. उड्या मारणाऱ्या कोळ्यांतला. भिंतीवर नेहमी दिसतात ते उडी-कोळी बुटके आणि केसाळ असतात, समोर दोन टपोरे डोळे, माशी दिसली की झेप. हा मात्र लांबट, काळा, तुकतुकीत. अंगाला मधेच चिमटा काढल्यासारखी खाच, त्यामुळे डोकं, छाती, पोट असे मुंगीसारखे तीन मणी दिसायचे. कोळ्याच्या शरीराचे खरं तर दोनच भाग. तिसरा ही निव्वळ बतावणी. चालायचाही मुंगीसारखा, नागमोडी, घाईत, मधेच थबकत. हे म्हणाले, चालताना तो आठही पाय टेकवतो, पण थांबला की पुढचे दोन उचलून डोक्यापुढे हलवतो, मुंगी मिशा हलवते तसे. उरले सहा. हिशेब जुळला.

"पण एवढा खटाटोप कशासाठी?" मी विचारलं.

"मुंगीला फारसं कोणी खात नाही. आंबट, जहाल लागते, शिवाय चावते. पक्षी, सरडे, गांधीलमाश्या एकदा तोंड पोळलं की मुंगीच्या वाटेला जात नाहीत. तर कोळ्याने काय केलं, मुंगी दिसायचं."

"आणि मुंग्या? त्या कशा फसतात?"

"त्या नाही फसत. त्यांना वासाने कळतं. म्हणून तो रांगेच्या शेजारून चालतो, रांगेत शिरत नाही. मुंगी जवळ आली की बाजूला सरकतो. फसतात ते लांबून बघणारे."

ह्यांना त्या कोळ्यावर पीएच.डी. करायची होती. मार्गदर्शक म्हणाले, मासे घ्या, माशांना पुढे स्कोप आहे. गोदावरी जवळच होती. ह्यांनी मासे घेतले नाहीत आणि पीएच.डी.ही केली नाही. कोळी मात्र आयुष्यभर पाहिले. शोकसभेत कोणीतरी ह्यांना मत्स्यतज्ज्ञ म्हणालं.

लातूरला ह्यांना कायमची जागा मिळाली, तीही लातूर जिल्हा झाल्यामुळे. जिल्हा झाला की कार्यालयं येतात, कार्यालयांमागून माणसं, माणसांमागून कॉलेजं. त्या दिवसांतलं लातूर बघण्यासारखं होतं. कालपर्यंत तालुक्याचं गाव, डाळींच्या गिरण्या आणि धान्याचा मोंढा यांवर पोट भरणारं. आज जिल्ह्याचं ठिकाण. मग प्रत्येकाला जिल्ह्यासारखं दिसायची घाई झाली. पानपट्टीच्या पाटीवर 'जिल्हा' आला, न्हाव्याच्या आला. कारकून साहेबासारखे खोकायला लागले आणि साहेब मंत्र्यासारखे उशिरा यायला लागले. कापडाच्या दुकानात सफारीचं कापड संपलं. नांदेडची मंडळी हसायची, आमच्याकडे नदी आहे, लातूरकडे सभा आहेत. लातूरची मंडळी चिडायची नाहीत, कारण ती सभेत असायची. पाणी मात्र जुन्याच जिल्ह्यात राहून गेलं होतं. वाटणीत ते मागायचं कोणाला सुचलं नाही.

खोली शोधायला शोकसभेतले तेच सहकारी ह्यांच्याबरोबर हिंडले. पाच-सहा घरं झाली. प्रत्येक ठिकाणी आधी चहा, मग गाव कोणतं, मग आडनाव. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यात कोणीही मावतं. मग पुढचा प्रश्न. त्या प्रश्नानंतर खोली नुकतीच गेलेली असायची किंवा पुतण्या शिकायला येणार असायचा. त्या उन्हाळ्यात लातुरात इतके पुतणे शिकायला येणार होते की कॉलेजला खरं तर दोन तुकड्या वाढवाव्या लागल्या असत्या.

शेवटच्या घरी मालक म्हणाले, "नांदेडकडले म्हणता. म्हणजे कोणापैकी?"

ह्यांनी तोंड उघडलं. त्याआधीच सहकारी म्हणाले, "आपलेच पाव्हणे हायत हो. जरा बुजरे हायत."

ह्यांना ठसका लागला. दुष्काळात धूळ फार. मालकांना त्या ठसक्यात जे ऐकायचं होतं ते ऐकू आलं. त्यांनी किल्ली दिली.

घरी येऊन हे मला म्हणाले, "मी काही खोटं बोललो नाही."

"खरं काय बोललात?"

"कोळी तरी कधी म्हणतो का, मी मुंगी आहे म्हणून? बघणाराच ठरवतो." थोड्या वेळाने म्हणाले, "परसात आड आहे. पाणी आहे त्याला."

इथे विषय संपला. मला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, पण माझी आई नव्हती आणि माहेरच्या गावी टँकरची वाट बघत माणसं रस्त्यावर बसायची. नांदेडला परतायचं तर नोकरी नव्हती. नामांतरावरून वस्त्या पेटल्या त्याला फार वर्षं झाली नव्हती. ती राख आम्ही दोघांनी पाहिली होती. बाळाला पाणी हवं होतं, आणि पाणी त्या आडात होतं. दुसरं कुठलंही तत्त्व त्या उन्हाळ्यात माझ्या कामाचं नव्हतं.

घर चांगलं होतं. पुढे मालक-मालकीण, परसाकडे आमच्या दोन खोल्या, मधे आड आणि कडुलिंबाचं झाड. पूर्ण गल्लीत पाणी असलेला तो एकच आड. मालकांची मोंढ्यात अडत होती आणि आता जिल्हा झाल्यामुळे त्यांना नगरपालिकेत जायचं होतं. मालकीण मायाळू होती. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाहीये, खरंच मायाळू होती. पहिल्याच दिवशी तिने आम्हाला पिठलं-भाकरी आणून दिली. माझं पोट बघून म्हणाली, "किती म्हैने? पाचवा? आन् आड उपसून राहिलीस व्हय गं?" आणि पोहरा माझ्या हातातून काढून घेतला. मग गप्पांना बसली. "मंगळवार करता का तुमी?"

"नाही. गुरुवार करते," मी म्हणाले.

गुरुवारचं कोणी विचारलं नव्हतं. झालं, तेव्हापासून दर गुरुवारी आमच्या घरी साबुदाणा. हे बुद्धिवादी होते, पण साबुदाण्याची खिचडी त्यांना आवडायची. तत्त्व आडवं आलं नाही. पुढे मी दारात रांगोळी घालायला लागले. चतुर्थी कधी आहे हे मालकिणीच्या आधी मला माहीत असायचं, कारण मी कॅलेंडर वाचायचे आणि ती वाचायची नाही. ती शेजारणीला कौतुकाने सांगायची, "शिकलेली हाय, तरी किती देवाचं करती बगा." त्या घरात सगळ्यात जास्त देवाचं मीच करत होते. एकदा मालकिणीने स्वतः उपास मोडला आणि माझ्यापासून लपवला.

हे संध्याकाळी लिंबाखाली बसायचे. झाडावर मुंग्यांची मोठी वर्दळ होती. दुष्काळात मुंग्याही आडाच्या ओलाव्याकडे यायच्या. त्यांच्या बाजूला, दोन बोटं अंतर ठेवून, ह्यांचा कोळी. एकदा मला म्हणाले, नराचा जबडा इतका लांब असतो की तो दुसरी मुंगी तोंडात धरून निघाल्यासारखा दिसतो. मुंग्या खाणारेही काही प्राणी असतात, तोंडात ओझं असलेली मुंगी चावू शकत नाही, म्हणून त्यांना तो आयतं गिऱ्हाईक वाटतो. म्हणजे सोंगाचाही तोटा असतोच. मुंगीच्या शत्रूंपासून मग त्याला कोण वाचवणार?

तो तोटा आम्हालाही होताच. मालक बाकड्यावर येऊन बसायचे आणि आपलं माणूस समजून मन मोकळं करायचे.

"सर, तुमच्या कालिजात त्या लोकांचे मास्तर लई भरलेत म्हणं. शिकवता येतं का हो त्यांला?"

हे झाडाकडे बघत म्हणायचे, "काहींना येतं."

"तुमाला म्हणून सांगतो, कुटं बोलू नका, पण ह्या सवलतींनी देश बुडाला."

"देश केव्हा बुडाला?"

"आवं, म्हणजे बुडायला लागलाय."

"पाणी लागेल त्याला," हे म्हणायचे. मालक मोठ्याने हसायचे. त्यांच्या मते आमचे हे फार विनोदी होते. मी आतून ऐकायचे आणि भाकरी करपायची. मालकांनी देवळाच्या कळसाची वर्गणीही आमच्याकडून हक्काने नेली, आपलेच पाव्हणे म्हणून.

सातवा लागला आणि मालकिणीने जाहीर केलं, "डोहाळजेवण मी करणार. तुला आई न्हाई तर मी हाय की! तुझ्या सासूला बोलवून घे. विहीणबाईंचा मान मी करते."

ह्यांनी टाळायचा प्रयत्न केला. म्हणाले, दुष्काळ आहे, उगीच खर्च. मालकीण म्हणाली, "दुष्काळ हाय म्हणून काय पोरं व्हायची थांबलीत व्हय?" तसंही बाळंतपणाला सासूबाई यायच्याच होत्या. त्या आदल्या दिवशी हदगावच्या बसने आल्या, डोक्यावर बोचकं, त्यात ज्वारीचं पीठ, डिंक आणि पाण्याची एक मोठी बाटली. गावाकडून पाणी घेऊन आल्या होत्या. लातूरला पाणी नाही असं त्यांनी ऐकलं होतं.

आत येताच त्यांनी भिंतींवरून नजर फिरवली.

"फोटो कुठं हाय?"

आमच्या प्रत्येक घरात जो फोटो असतो, त्याबद्दल त्या विचारत होत्या. मी म्हणाले, "ट्रंकेत आहे, आत्याबाई."

"ट्रंकेत कशाला? हवा बाधते व्हय त्याला?"

ह्यांनी दार लावून घेतलं आणि आईला सगळं समजावलं. इथे काय समजतात, का समजतात, पाणी कोणाचं आहे. सासूबाई ऐकत राहिल्या.

"म्हंजे मी मुकी होऊन राहू?"

"मुकी नको गं माय. जरा कमी बोल."

"तुझा बाप पाटलासमोर पायताण घालून गेलता भर चावडीवर. मार खाल्ला, पर घालून गेलता. अन् तू एवढा शिकून हे करून राहिला?"

"हिचं बाळंतपण होऊ दे. मग बघू."

सासूबाईंनी माझ्या पोटाकडे पाहिलं आणि बोचकं सोडायला घेतलं. "सांग काय काय करायचं न्हाई."

मग आम्ही दोघं शिकलेल्या माणसांनी त्यांची तयारी करून घेतली. आपल्या लोकांचा नमस्कार करायचा नाही, राम राम म्हणायचं. हळदीकुंकू लावतील, नको म्हणायचं नाही. कुळाचं विचारलं तर मुलगा सांगेल म्हणायचं. कोणता सण कसा करता असं विचारलं तर 'तुमच्यासारखाच' म्हणायचं. सासूबाईंनी सगळं पाठ केलं. मी मधेच उलटतपासणीसुद्धा घेतली. पाणी कसं प्यायचं हे सांगायचं आम्हाला सुचलं नाही. ती सांगायची गोष्ट असते हेच आम्हाला माहीत नव्हतं. आम्ही पेल्याने पाणी पिऊन मोठे झालेलो.

डोहाळजेवण थाटात झालं. मला हिरवी साडी, फुलांची वाडी, ओटीत खण-नारळ. गल्लीतल्या बायका आत बसून गाणी म्हणत होत्या. सासूबाईंनी राम राम म्हटला, कुंकू लावून घेतलं, कोणी काही विचारलं की हसल्या. दहापैकी दहा गुण. मग उकाड्याने त्यांना तहान लागली आणि त्या मागच्या दाराने अंगणात उतरल्या. मालकीण ओट्यावर होती, आडाचं पाणी भरलेला तांब्या हातात. दुसऱ्या हातात पेला.

"पाणी का, विहीणबाई? घ्या की," ती म्हणाली आणि तांब्या उचलला.

सासूबाई ओट्याच्या खाली होत्या. त्या किंचित वाकल्या, दोन्ही हात जुळवून हनुवटीला लावले. पेला मालकिणीच्या डाव्या हातात तसाच राहिला. आणि तिचा उजवा हात आपोआप वर गेला. थेट वर, ओंजळीपासून हातभर उंच, आणि तिथून तिने बारीक धार सोडली. एक थेंब इकडेतिकडे नाही. सासूबाईंचा एक घोट चुकला नाही. त्यांनी मान हलवून पुरे म्हटलं आणि धार त्याच क्षणी थांबली. किती वर्षांचा सराव असेल तो, दोघींचा.

मग मालकिणीने वर गेलेल्या स्वतःच्या हाताकडे पाहिलं.

आत बायका गात होत्या. तिने पेला ओट्यावर ठेवला आणि दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे न बघता आत गेली. बाकीचं जेवण व्यवस्थित पार पडलं. तिने सगळ्यांना आग्रह केला. फक्त आम्हाला वाढायला ती स्वतः आली नाही.

बायका गेल्यावर सासूबाई स्वतःच म्हणाल्या, "तान लागली हुती. तिनं तांब्या उचलला अन् हात गेले माय. मी नेलेच न्हाई." मग म्हणाल्या, "तिचाबी गेला की वर. तिला कुणी शिकवून राहिलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकिणीने ओटा धुतला. गल्लीतल्या बाळंतिणीलाही ज्या आडातून मोजून पाणी मिळायचं, त्यातून बादल्यांवर बादल्या निघाल्या. ओटा धुतला, पायऱ्या धुतल्या, सासूबाई जिथे वाकल्या होत्या ती फरशी धुतली, आणि पाणी उरलं म्हणून लिंबाचा बुंधाही. मुंग्यांची रांग वाहून गेली. ह्यांचा कोळी मात्र पाणी अंगावर येताच उडी मारून सुटला आणि स्वतःच्या धाग्याला लटकून हवेत झोके घेत राहिला. मुंगी उडी मारत नाही आणि तिच्याजवळ धागाही नसतो. हे दारात दात घासत उभे होते. त्यांनी बघितलं. एरवी अशा वेळी मला हाक मारायचे, त्या दिवशी मारली नाही. उपमा द्यायला ही जागा चांगली आहे. मी देणार नाही, मला त्या वाहून गेलेल्या पाण्याचंच जास्त वाईट वाटलं होतं.

दुपारी मी घागर घेऊन गेले तर आडावर दोर आणि पोहरा नव्हता. मालकीण बाहेर आली. आवाज तोच, मायाळू.

"पोटुशी बाईनं उपसू नये. मी घालत जाईन तुला पाणी. घागर खाली ठेव. जरा लांब ठेव."

तिने वरून पाणी ओतलं. घागर भरली. माझे पाय भिजले.

मी घरात येऊन घागर ठेवली. सासूबाई म्हणाल्या, "मिळून राहिलं ना पाणी? वरून पडलं काय अन् खालून काढलं काय, पाणी हाय. बाळ होऊ दे. मी ह्याच्यावरच पोरं वाढवली." परवा फोटोसाठी भांडणारी बाई आज हे म्हणत होती. मला तेव्हा त्यांचा राग आला. आता वाटतं, त्या खोलीत हिशेब फक्त त्यांनाच येत होता. हे शेजारी पुस्तक उघडून बसले होते आणि पान उलटत नव्हते.

आणखी काही दिवस तसेच गेले. पाणी वरून येत राहिलं. मालकांना तोपर्यंत कळलं असावं, कारण ते बाकड्यावर येईनासे झाले. मग एका संध्याकाळी स्वतः दाराशी आले. आत आले नाहीत. ह्यांना बाहेर बोलावलं.

"सर, तुमी मनाला लावून घेऊ नका. आमी जातपात मानत न्हाई."

"हो, तुम्ही सांगत होता," हे म्हणाले.

"पर बायकांचं आसतं जरा. पाण्याचं तेवढं ती बगून घेईल, तुमाला कमी पडू देणार न्हाई. तुमी फक्त..." मालक जवळ सरकले, मग लक्षात येऊन थोडे मागे गेले. "सगळी गल्ली जेवून गेली हो तुमच्यासंगं. कळलं तर माझं काय? इलेक्शन हाय. तुमी जसं चालू हाय तसंच चालू द्या. तुमच्या मिसेस गुरुवार करतात, बेस हाय, करू द्या. आन् तुमी एकदम खोली सोडून गेलात तर लोक विचारतील का गेले म्हणून. बाळंतपण होऊ द्या, वर्षभर ऱ्हावा. भाडंबी वाढवत न्हाई."

मी आत पोटावर हात ठेवून ऐकत होते. म्हणजे आता सोंग मालकांना हवं होतं. आम्ही मुंगी राहिलो तर त्यांची रांग शाबूत राहणार होती. पाणी, खोली, भाडं, सगळं मिळत होतं, फक्त दोन्ही बाजूंनी माहीत असून नाटक चालू ठेवायचं. खरं सांगते, मला वाटलं हे हो म्हणतील. मला वाटलं, म्हणावं. दोन महिन्यांचा प्रश्न होता.

ह्यांनी आमची जात सांगितली. जुनी, दीक्षेआधीची, आणि मग म्हणाले, "आता बौद्ध आहोत." ती ओरड नव्हती. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा आवाज ते नेहमी काढायचे, तसा. गल्लीतही शेवटच्या बाकापर्यंत पोचला. परसापलीकडच्या घरात भांडी घासायचा आवाज थांबला.

"हळू बोला की हो!" मालक म्हणाले.

"तुम्ही पहिल्या दिवशी विचारलं होतं. उत्तर द्यायचं राहिलं होतं."

मालक निघून गेले. सासूबाई उठल्या आणि डिंकाची पिशवी बोचक्यात भरायला लागल्या. मग हसल्या. "आता ह्या पोराला काय प्यायला देशील रे? भाषण?"

"टँकर येतो तिकडे," हे म्हणाले.

तिकडे म्हणजे गावाबाहेर, जिथे आमच्या लोकांची नवी वस्ती होती. नव्या जिल्ह्याने रस्ता तिथपर्यंत आणला होता आणि नळ आणायचा विसरला होता. हातगाडीवर सामान घालून आम्ही गेलो. मालकीण ओट्यावर उभी होती. तिने मला हाक मारली, "पोरी, जड उचलू नकोस गं." मी मान हलवली. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, तिने ओटा धुतला तो आणि ही हाक. मी आजवर त्यांची बेरीज करू शकलेले नाही. मालक निवडणूक हरले, पण त्याचं श्रेय आम्हाला देता येत नाही. ते अनेक कारणांनी हरण्याजोगे होते.

वस्तीत टँकर दिवसाआड यायचा, कधी त्याच्याही आड. सासूबाई पहाटेपासून रांगेत बसायच्या आणि टँकरवाल्याशी भांडायच्या. मोठा आवाज, दोन्ही हात कमरेवर. माझ्या वाट्याला कधी रिकामी घागर आली नाही. मुलगी सरकारी दवाखान्यात झाली, तिथेही पाणी कमी होतं, पण झाली. ह्यांनी पुढे तिथेच घर बांधलं. ते निवृत्त होईपर्यंत वर्गात कोळ्यांचा धडा आला की मुंगीचं सोंग सांगायचे. विद्यार्थी विचारायचे, सर, त्याला कंटाळा येत नसेल का? हे म्हणायचे, तो प्रश्न परीक्षेत येत नाही.

सासूबाई गेल्या त्याला बरीच वर्षं झाली. आता हेही गेले. मुलगी पुण्याला असते. घरात मी एकटी राहते, आणि बोअरला फेब्रुवारीपर्यंत पाणी असतं.